नियम कडक हवेत, पण आकडे उघडे हवेत

छपरावर सौर पॅनेल चढवणं हे दोन-तीन दिवसांचं काम. तीच पॅनेल ग्रिडला, म्हणजे विजेच्या सार्वजनिक जाळ्याला, जोडायची परवानगी मात्र कुठे पंधरवड्यात हातात पडते, तर कुठे वर्ष उलटलं तरी फाइल हलत नाही. पॅनेल तीच, पॅनेलची वीज घरात आणि ग्रिडवर चालेल अशी करणारा इन्व्हर्टर तोच, तारांमधून वीज वाहण्याचे नियमही तेच. फरक पडतो तो अर्ज कोणाच्या टेबलावर आहे आणि त्या टेबलावर कोणती माहिती आहे, यामुळे. छोटे सौर प्रकल्प, घरगुती आणि कारखान्यातल्या बॅटऱ्या, बायोगॅसवर चालणारे संच, लहान पवनचक्क्या या सगळ्यांचं भवितव्य आज पॅनेलच्या किमतीपेक्षा या टेबलावर जास्त ठरतं आहे.

या विषयावर बोलणं सुरू झालं की दोन तट पडतात. प्रकल्प उभारणारे म्हणतात, नियमांनी वाट अडवली आहे. वितरण कंपन्यांचे अभियंते म्हणतात, ग्रिड कशी चालते हे लोकांना कळत नाही. मला दोघांचंही अर्धंच पटतं. जोडणीच्या तांत्रिक अटी कडक असाव्यात, काळाबरोबर आणखी कडक व्हाव्यात आणि त्या पाळल्या जातात की नाही हे जोडणीनंतरही तपासलं जावं. पण 'तुमच्या वाहिनीवर (वस्तीला वीज पुरवणाऱ्या तारेवर) आता जागा नाही' हे ज्या आकड्यांवरून ठरतं, ते आकडे अर्जदाराला दिसलेच पाहिजेत. आज पुष्कळ ठिकाणी नेमकं उलट घडतं. कागदपत्रं कडक, अटींची तपासणी ढिली आणि आकडे कुलपात.

आधी कडकपणाबद्दल. लाइनमन दुरुस्तीसाठी खांबावर चढतो तेव्हा उपकेंद्रातून ती वाहिनी बंद केलेली असते. पूर्वी वीज एकाच बाजूने यायची, त्यामुळे धोका एकाच बाजूने होता. आता त्याच वाहिनीच्या दुसऱ्या टोकाला कित्येक छपरांवर ऊन पडलेलं असतं. त्यातले काही संच चालू राहिले आणि आसपासच्या घरांचा भार योगायोगाने त्यांच्या निर्मितीशी जुळला, तर बंद समजलेल्या तारेत वीज राहते. रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) उलटंही चालतं. घराकडचे 230 व्होल्ट त्याच्या वरच्या बाजूला हजारो व्होल्ट होऊन उभे राहतात. म्हणून ग्रिड गेली हे ओळखून इन्व्हर्टरने आपणहून थांबायचं असतं. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचं अमेरिकेतलं 1547 हे मानक त्यासाठी 2 सेकंदांची मुदत देतं. लाइनमन आधी तार तपासतो, मग ती जमिनीशी जोडतो (अर्थिंग) आणि मगच हात लावतो, हे खरं आहे. पण त्याच्या दक्षतेच्या भरवशावर कोणी इथे सूट मागू नये, आणि मागितली तरी ती मिळू नये.

सगळ्याच अटी इतक्या सरळ नसतात. काही अटी चांगल्या हेतूने लिहिल्या जातात आणि प्रकल्पांची संख्या वाढली की त्याच घातक ठरतात. युरोपच्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेच्या प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तनं, 50 हर्ट्झ. वीज मागणीपेक्षा जास्त झाली की ती चढते, कमी पडली की उतरते. जर्मनीतल्या जुन्या अटीनुसार ती 50.2 च्या वर गेली की छोट्या सौर संचांनी ताबडतोब बंद व्हायचं होतं. संच मोजके होते तोवर याचं काही बिघडत नव्हतं. मग बघता बघता छपरांवर हजारो मेगावॉट जमा झाले आणि त्या सगळ्यांमध्ये तोच एक आकडा बसवलेला होता. एखाद्या लख्ख दुपारी फ्रिक्वेन्सी तिथवर चढली असती, तर हे सारे संच एकाच क्षणी बाजूला झाले असते. अशा धक्क्यासाठी अख्ख्या खंडीय युरोपने मिळून राखलेली तातडीची क्षमता होती 3,000 मेगावॉट. जास्तीच्या विजेचं संकट क्षणात तुटवड्याचं झालं असतं. 2012 मध्ये जर्मन सरकारला खास अध्यादेश काढावा लागला आणि 3 लाखांहून अधिक संचांच्या सेटिंग्ज बदलून घेण्याचं काम हाती घ्यावं लागलं. पहिल्याच दिवशी कोणी 'हे लाखभर झाले तर?' असा प्रश्न विचारला असता, तर हा खर्च आणि ही धावपळ टळली असती.

अमेरिकेतल्या मानकाचीही हीच कहाणी. आयईईई 1547 ची 2003 ची आवृत्ती सांगत होती की ग्रिडवर गडबड दिसली की छोट्या संचाने निघून जावं आणि व्होल्टेज सांभाळायच्या भानगडीत पडू नये. 2018 च्या आवृत्तीने हे जवळजवळ उलटं केलं. लहानसहान हिसक्यात टिकून राहा, व्होल्टेज सावरायला हातभार लावा, खरोखर ग्रिड तुटली तरच बाजूला व्हा. पंधरा वर्षांत सभ्य वागणुकीची व्याख्याच बदलली.

टिकून न राहण्याची किंमत ब्रिटनने 9 ऑगस्ट 2019 ला मोजली. संध्याकाळी पाचच्या आधी एका पारेषण वाहिनीवर आकाशातली वीज कोसळली. पाठोपाठ समुद्रातला हॉर्नसी पवन प्रकल्प आणि लिटल बारफर्डचं गॅस केंद्र गळालं. त्याच धक्क्यात सुमारे 500 मेगावॉटची विखुरलेली छोटी निर्मितीही बंद पडली, कारण तिच्या संरक्षक रिलेंना, म्हणजे गडबड दिसली की संच ग्रिडपासून तोडणाऱ्या स्विचांना, ग्रिड तुटली असं वाटलं. ग्रिड तुटली नव्हती, तिला फक्त हिसका बसला होता. फ्रिक्वेन्सी 48.8 हर्ट्झपर्यंत घसरली आणि 10 लाखांहून अधिक ग्राहकांचा पुरवठा आपोआप तोडला गेला. या रिलेंच्या सेटिंग्ज बदलायला हव्यात हे तिथे आधीच ठरलं होतं. काम मात्र व्हायचं होतं.

म्हणून 'माझा प्रकल्प जेमतेम 3 किलोवॉटचा, त्याने काय फरक पडतो' हा युक्तिवाद मी मानत नाही. ग्रिडला एक संच दिसत नाही, एकाच वेळी एकसारखे वागणारे लाखो संच दिसतात. नियम त्या लाखांसाठी लिहायचा असतो.

आता दुसरी बाजू. एखाद्या लांब वाहिनीचं अगदी टोकाचं घर घ्या. भर दुपार आहे, गल्लीतली बहुतेक माणसं कामावर गेलेली आहेत, घराघरांत फ्रिज आणि एखादा पंखा एवढाच भार आहे. छपरावर तयार झालेली जास्तीची वीज रोहित्राकडे ढकलायची, तर घराकडचं व्होल्टेज रोहित्राकडच्यापेक्षा वर असावं लागतं. तार जितकी लांब आणि बारीक, तितकं ते अधिक वर चढतं. समजा पहिल्या घरापाशी 238 व्होल्ट आहेत, मधल्या घरापाशी 245 आणि टोकाला 253 च्या पुढे. 230 अधिक 10 टक्के, ही युरोपीय मर्यादा तिथे ओलांडली जाते. टोकाच्या घरातला इन्व्हर्टर पडद्यावर जादा व्होल्टेजचा इशारा दाखवतो, रिले खट्कन सुटतो आणि निर्मिती शून्यावर येते. व्होल्टेज उतरतं. काही मिनिटं थांबून तो पुन्हा जोडला जातो, व्होल्टेज पुन्हा चढतं आणि पुन्हा खट्. कडक ऊन असेपर्यंत हेच चालू राहतं. पहिल्या घराला याचा पत्ताही नसतो. पैसे मात्र दोघांनी सारखेच घातलेले असतात.

टोकाच्या घराचा मालक तक्रार घेऊन जातो किंवा त्याचा शेजारी नव्या जोडणीचा अर्ज करतो, तेव्हा उत्तर येतं की वाहिनी भरली आहे. भरली म्हणजे नेमकं काय झालं? तारेची वा रोहित्राची वीज वाहण्याची क्षमता संपली, की व्होल्टेजची मर्यादा आली? की उलट प्रवाहामुळे उपकेंद्रातली संरक्षण यंत्रणा गोंधळते आहे? या तिन्ही अडचणी वेगळ्या, त्यांचे उपाय वेगळे आणि खर्चात तर जमीन-अस्मानाचा फरक. क्षमता संपली असेल तर मोठं रोहित्र लागेल. व्होल्टेजचाच प्रश्न असेल तर कित्येकदा इन्व्हर्टरच्या सेटिंग्जवर भागतं. व्होल्टेज चढेल तशी त्याने निर्मिती बेताबेताने कमी करायची आणि रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेजवर परिणाम करणारी वीज) शोषून घ्यायची. कधी तर रोहित्राचा टॅप, म्हणजे त्यातून किती व्होल्टेज बाहेर पडेल हे ठरवणारी जोडणी, एक पायरी खाली आणला की पुरतं. संध्याकाळी टोकाच्या घराला व्होल्टेज कमी पडू नये म्हणून अनेक रोहित्रांचे टॅप वर्षानुवर्षं वर बसवलेले असतात. दुपारी वीज उलटी वाहील हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. हे बदलायला थोडा वेळ पुरवठा बंद ठेवावा लागतो, नवं सामान लागत नाही. 'जागा नाही' या एका ओळीच्या नकारात हे सगळं दडून जातं, आणि दडवायला कोणाचा वाईट हेतू असावा लागतो असंही नाही. पुष्कळदा कंपनीकडेच त्या वाहिनीची दुपारची मोजमापं नसतात.

मोजमापं नसली की ढोबळ नियम राज्य करतात. अमेरिकेत बरीच वर्षं 15 टक्क्यांचा नियम चालला. वाहिनीच्या कमाल मागणीच्या 15 टक्क्यांइतकी निर्मिती तिच्यावर आली की पुढच्या अर्जाचा सविस्तर अभ्यास करायचा. यामागचा विचार असा की किमान मागणी कमाल मागणीच्या साधारण 30 टक्के असते, तिच्या निम्म्यावर थांबलं तर वीज उलटी वाहायची भीती नाही. चाळणी म्हणून हे ठीकच होतं. पण चाळणीची हळूहळू भिंत होते. सविस्तर अभ्यासाचा खर्च आणि वेळ पाहून अर्जदार तिथेच माघार घेतो आणि 15 टक्के ही जणू निसर्गाने घालून दिलेली मर्यादा ठरते.

ही भिंत कशी पाडायची ते हवाईने दाखवलं. तिथल्या प्रत्येक बेटाची ग्रिड स्वतंत्र, शेजाऱ्याकडून वीज घ्यायची सोय नाही, त्यामुळे वीज कंपनीची धास्ती निराधार नव्हती. 2013 पासून तिने भरलेल्या वाहिन्यांवर नव्या संचांना थांबवलं आणि हजारो घरं खोळंबली. सौर वीज भरपूर असताना उपकेंद्रातून वाहिनी अचानक तुटली, तर क्षणभर व्होल्टेज इतकं उसळेल की घरातली उपकरणं जळतील, अशी मुख्य भीती होती. मग ती भीती प्रयोगशाळेत तपासली गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत प्रत्यक्ष इन्व्हर्टर आणून हीच परिस्थिती उभी केली. नवे इन्व्हर्टर इतक्या चपळाईने बंद होतात की ती उसळी आवाक्यात राहते, हे दिसलं. कंपनीने मर्यादा दिवसाच्या किमान मागणीच्या 120 टक्क्यांवरून 250 टक्क्यांवर नेली. 2015 च्या सुरुवातीला एका उत्पादकाने तिथल्या सुमारे 8 लाख सूक्ष्म इन्व्हर्टरांच्या (एकेका पॅनेलला जोडलेल्या छोट्या इन्व्हर्टरांच्या) सेटिंग्ज दूरूनच बदलल्या, एकाही छपरावर न चढता. इथे अटी सैल झाल्या नाहीत. इन्व्हर्टरने किती चपळ असावं ही अट उलट कडक झाली, आणि त्यामुळेच जागा दुपटीहून जास्त झाली. मला जे म्हणायचं आहे ते या एका उदाहरणात सगळं आलं आहे.

कॅलिफोर्नियातल्या मोठ्या वीज कंपन्या आता कोणत्या वाहिनीवर अजून किती निर्मिती मावेल याचे नकाशे प्रसिद्ध करतात. अर्ज करण्याआधीच माणसाला अंदाज येतो. यावर सुरक्षेचा आक्षेप घेतला जातो. रुग्णालयं वा लष्करी ठाण्यांच्या वाहिन्या झाकून ठेवा, त्याला कोणाची हरकत असणार नाही. पण एखाद्या वस्तीच्या रोहित्रावर दुपारी किती भार असतो, हे राष्ट्रीय गुपित नाही. ज्या ग्राहकांच्या बिलांतून ते रोहित्र उभं राहिलं, त्यांना ते विचारायचा हक्क आहे.

लहान प्रकल्पांच्या बाबतीत तर जग बऱ्यापैकी शहाणं होऊ लागलं आहे. युरोपीय संघाच्या 2018 च्या अक्षय ऊर्जा निर्देशाने 10.8 किलोवॉटपर्यंतच्या संचांना साधी सूचना देऊन जोडणी घ्यायची वाट करून दिली. महिनाभरात वितरकाने हरकत घेतली नाही तर जोडणी करता येते. भारतात 2024 च्या दुरुस्तीने 10 किलोवॉटपर्यंतच्या छपरावरच्या सौर संचांना तांत्रिक व्यवहार्यतेच्या अभ्यासातून मोकळं केलं आणि त्यावरच्या अर्जांसाठी अभ्यासाची मुदत 20 दिवसांवरून 15 दिवसांवर आणली. मुदत टळली तर मंजुरी मिळाली असं समजायचं. ब्रिटनमध्ये एका फेजला 16 अँपिअरपर्यंतचा संच आधी जोडायचा आणि मग 28 दिवसांत कळवायचं. युरोपीय संघाच्या आणि भारताच्या नियमांतली, गप्प बसणाऱ्या कार्यालयाच्या मौनाला होकार मानणारी तरतूद मला फार मोलाची वाटते. उशिराची किंमत तोवर फक्त अर्जदार मोजत होता.

मोठ्या प्रकल्पांची स्थिती वेगळी आहे आणि तिथे दोष एकट्या कंपन्यांचा नाही. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या मोजणीप्रमाणे 2023 च्या अखेरीस अमेरिकेत जोडणीच्या रांगेत सुमारे 2,600 गिगावॉट क्षमता उभी होती. तिथे उभारलेल्या सगळ्या वीजकेंद्रांच्या क्षमतेच्या दुपटीहून ही जास्त. यातले कित्येक अर्ज नुसते जागा अडवणारे होते. एक प्रकल्प उभारायचा आणि कुठे स्वस्त पडेल ते पाहायला चार ठिकाणी अर्ज टाकायचे. एकाने माघार घेतली की मागच्या सगळ्यांचा अभ्यास पुन्हा करायचा. जुलै 2023 मध्ये तिथल्या संघीय ऊर्जा नियामक आयोगाने अर्जांचा गटागटाने अभ्यास करायचा नियम केला. जागा ताब्यात असल्याचा पुरावा आणि अनामत रक्कम मागितली, आणि अभ्यासाला उशीर करणाऱ्या पारेषण कंपन्यांवरही दंड बसवला. दोन्ही बाजूंना एकाच आदेशात जबाबदार धरलं, म्हणून तो आदेश मला आवडतो.

खर्चाचा प्रश्न याहून नाजूक आहे. पहिले तीस अर्जदार जुन्या रोहित्रावर फुकट मावतात, एकतिसाव्याच्या वेळी क्षमता संपते आणि नव्या रोहित्राचा सगळा खर्च त्याच्या माथी मारला जातो. बस भरल्यावर शेवटी चढणाऱ्याला नवी बस विकत घ्यायला सांगावं, तसं हे आहे. पुढचे पन्नास त्याच नव्या रोहित्रावर पुन्हा फुकट बसतात. सगळा खर्च सर्व ग्राहकांवर पसरवणं हाही न्याय नाही. ज्याला स्वतःचं छप्परच नाही, त्याच्या बिलात छपरवाल्यांच्या रोहित्राचा वाटा का यावा? ब्रिटनने एप्रिल 2023 पासून मधला मार्ग धरला आणि ग्रिड बळकट करण्याच्या खर्चातला निर्मिती प्रकल्पांचा वाटा कमी केला. माझ्या मते किलोवॉटमागे ठरावीक शुल्क, पहिल्या अर्जदारापासून शेवटच्यापर्यंत सारखं, हा सर्वांत सरळ मार्ग आहे. पहिल्यालाही ते आधीच माहीत असेल आणि एकतिसाव्यावर आभाळ कोसळणार नाही.

आता अवघड गोष्ट. वितरण कंपनी वीज विकते. छपरावरचा प्रत्येक संच तिची विक्री कमी करतो, आणि बहुधा जास्त बिल भरणाऱ्या ग्राहकाचीच कमी करतो. त्याच कंपनीने त्या संचाच्या अर्जावर निर्णय द्यायचा असतो. तिचे अभियंते कितीही प्रामाणिक असोत, ही रचना चुकीची आहे. खांब, तारा, दुरुस्ती यांचा खर्च विक्री घटली म्हणून घटत नाही, ही कंपनीची तक्रारही खरी आहे. ती तक्रार वीजदराच्या सुनावणीत मांडावी आणि तिथे ती ऐकली जावी. जोडणीच्या अर्जावर तिची सावली पडू नये. नकार मिळालेल्या अर्जदाराला त्याच वाहिनीच्या आकड्यांवर स्वतःचा अभ्यास करून घेता यावा आणि वाद झाल्यास नियामकाच्या तांत्रिक अधिकाऱ्याने ठरलेल्या दिवसांत निकाल द्यावा.

जिथे वाहिनी खरोखरच भरली आहे तिथेही 'नाही' हे एकमेव उत्तर नसतं. दक्षिण ऑस्ट्रेलियात छपरांवर इतकी सौर वीज आहे की 2023 च्या शेवटच्या दिवशी काही काळ तिथल्या ग्रिडवरची मागणी शून्याखाली गेली होती. तिथल्या वितरण कंपनीने नव्या ग्राहकांना पर्याय दिला: कायम 1.5 किलोवॉटपर्यंतच वीज पाठवा किंवा दर काही मिनिटांनी बदलणारी मर्यादा पाळा, जी एका फेजला 10 किलोवॉटपर्यंत जाते. वर्षातले बहुतेक तास ग्रिडवर जागा असते, मूठभर दुपारी ती संपते. त्या मूठभर दुपारांसाठी वर्षभर दार बंद ठेवायचं कारण नाही. मात्र अशा योजनेत तुमच्या छपराचा नळ दुसऱ्याच्या हाती जातो. म्हणून कोणत्या दिवशी, किती वेळ, किती वीज कापली गेली याची नोंद ग्राहकाला मिळालीच पाहिजे. कापाकापी टोकाच्या घरांवरच वारंवार येत असेल तर ती वाटून घेण्याचा किंवा भरपाईचा नियमही हवा.

हे सगळं मागताना प्रकल्प उभारणाऱ्यांकडूनही एक गोष्ट मागायला हवी, आणि तिच्याबद्दल आकडे मागणाऱ्या आमच्यासारख्यांकडून फार कमी बोललं जातं. इन्व्हर्टर सुरू करताना तो कोणत्या देशाच्या, कोणत्या मानकाच्या सेटिंगवर चालवायचा हे एका यादीतून निवडावं लागतं. घाईत कोणी जुनंच निवडतं, कोणी कारखान्यातून आलं तसंच ठेवतं. ऑस्ट्रेलियात 2020 चं नवं मानक लागू झाल्यावर अनेक नव्या संचांमध्ये नव्या सेटिंग्ज नव्हत्याच, असं तिथल्या ग्रिड चालकाला आढळलं. कागदावर अट पूर्ण, छपरावर ती नाही. इन्व्हर्टरचा तो एक पडदा म्हणजे या संपूर्ण नियमावलीचा शेवटचा टप्पा आहे, आणि तिथे बहुतेक वेळा कोणी तपासनीस नसतो. आधुनिक इन्व्हर्टर आपली सेटिंग्ज स्वतः कळवू शकतात. तेव्हा जोडणीच्या दिवशी ती नोंद आपोआप नियामकाकडे जावी आणि चुकीच्या सेटिंगसाठी बसवणाऱ्याचा परवाना अडकावा. त्याच नियमात वाहिनीच्या मोकळ्या क्षमतेचे आकडे दर महिन्याला न देणाऱ्या कंपनीला तेवढाच जबर दंड असावा.